काळा पडदा, पांढरी अक्षरं: डॉस अजून जात का नाही?

आजचा भाग आमच्या जरीपटक्यातून. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभी केलेली ही नागपूरची वस्ती. इथं व्यापार म्हणजे जीव, आणि व्यापाराचा जीव म्हणजे कीर्द-खतावणी.

इथल्याच एका ठोक दुकानात मी नवाकोरा कॉम्प्युटर पाहिला, आणि स्क्रीनवर काय? काळा पडदा, पांढरी अक्षरं. माउसला हातच नाही. "काऊन भाऊ, हे अजून?" "चालतंय ना!" विषय संपला.

पण आपला इथून सुरू होतो. 1981 मध्ये आयबीएमचा पीसी आला, आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टनं दुसऱ्या कंपनीकडून विकत घेतलेली सिस्टीम दिली. तीच एमएस-डॉस. चित्रं नाहीत, आयकॉन नाहीत, कमांड टाइप करायची. फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवायचं. प्रोग्रामला मेमरी 640 केबी, म्हणजे तुमच्या फोनमधल्या एका फोटोपेक्षाही कमी!

एवढ्याशा जागेत आपल्याकडे दुकानं चालली. 1986 मध्ये सुरू झालेल्या कंपनीचं टॅली आधी डॉसवरच होतं. कुणी फॉक्सप्रोमध्ये आपल्या दुकानापुरता प्रोग्राम लिहून घेतला. आणि मराठी? आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम पुण्याच्या सी-डॅकनं पुढे नेलं. त्यांचं 'जिस्ट' कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची.

पुढे विंडोज आलं. मायक्रोसॉफ्ट डॉस सोडून देणार हे दिसल्यावर 1994 मध्ये जिम हॉल या अमेरिकन विद्यार्थ्यानं फुकट डॉस बनवायला घेतलं. ते फ्रीडॉस. स्वस्त लॅपटॉपच्या जाहिरातीत 'ओएस: डॉस' लिहिलेलं असतं ना? बहुतेकदा तेच. विंडोजचे पैसे वाचतात, बस.

मग दुकानदार डॉसला का धरून बसलाय? त्याला डॉसचं प्रेम नाही. त्यात वीस-पंचवीस वर्षांची उधारी आहे. बोटांना कळा पाठ आहेत. कार्बन कॉपीवर खडखडणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्याच्याशी जुळलाय. आणि प्रोग्राम लिहिणारा कधीच शहर सोडून गेला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, तेव्हा ज्यांना प्रोग्राम बदलून देणारा सापडला नाही, त्यांच्यापुढे एकच वाट होती: नवी बिलं नव्यात, जुना हिशोब डॉसमध्ये.

आता खरी अडचण ऐका. 64-बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्राम थेट चालतच नाहीत, आणि विंडोज 11 फक्त 64-बिटमध्ये येतं. विंडोज 10 च्या 32-बिट आवृत्तीत सोय होती, पण त्याचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. उरतं डॉसबॉक्ससारखं सॉफ्टवेअर. ते बनलं जुने गेम खेळायला, आणि आता त्यात कुणी हिशोबाच्या वह्याही उघडतं. गंमत आहे ना?

म्हणून एक काम करा. तुमच्या घरी, दुकानात असा डबा असेल तर भंगारात देण्याआधी त्यातल्या फाइली कॉपी करून ठेवा. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडतात, तेही फुकट. जिस्टच्या काळातलं मराठी मात्र युनिकोडमध्ये बदलावं लागतं, नाहीतर नुसती विचित्र चिन्हं दिसतात. मशीन जुनं होतं, पण त्यात कुणाच्या तरी आयुष्याचा धंदा लिहिलेला असतो.

चला, पुढच्या भागात भेटू!