पनवेलचा मुक्काम आणि वाटेवरचे अन्न

आपल्या मंडळाची यंदाची वार्षिक सहल कर्नाळा पक्षी-अभयारण्यात न्यावी असे कार्यकारी समितीत ठरले, तेव्हा पक्ष्यांविषयी कोणी फारसे विचारले नाही. पहिला प्रश्न आला तो हा, की दुपारी जेवायचे कोठे? कोणी महामार्गावरील उपाहारगृह सुचविले, कोणी पनवेल गावातील खाणावळ. वडीलधाऱ्यांपैकी एक-दोघांनी ‘आपापले डबे बरोबर घ्यावेत’ असा जुना सल्ला दिला. चर्चा बरीच रंगली, आणि अखेर संपादक मंडळाने हा विषयच स्मरणिकेसाठी आमच्या गळ्यात घातला. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आवडीने वाचणारे आहोत एवढेच. परंतु या निमित्ताने जे वाचले व आठवले, त्यावरून आमची अशी खात्री झाली की ‘जेवायचे कोठे’ हा प्रश्न आज जिभेचा आणि खिशाचा असला, तरी शंभर वर्षांपूर्वी तो प्रथम जातीचा प्रश्न होता. त्याचे उत्तर बदलले कसे, हे पनवेलच्या वाटेवर जसे दिसते तसे क्वचितच अन्यत्र दिसेल.

पनवेल हे मुळात खाडीच्या माथ्यावरचे बंदर. मुंबईहून पडाव, मचवे भरतीच्या पाण्यावर येथवर येत आणि येथून देशावरची वाट सुरू होई. सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असताना, 1830 साली, बोरघाटातून चाकाच्या वाहनांस योग्य असा रस्ता खुला झाला आणि पनवेलचे महत्त्व एकाएकी वाढले. मुंबईचा माल होडीने पनवेलास उतरावा व बैलगाडीने पुण्यास चढावा, देशावरचा माल त्याच वाटेने उलट यावा, असा क्रम पडला. 1852 साली येथे नगरपालिका स्थापन झाली. राज्यातील अगदी आरंभीच्या नगरपालिकांत तिची गणना होते. होडी भरतीच्या वेळेने चालणार आणि गाडी बैलांच्या दमाने. दोहोंची वेळ क्वचितच जुळावयाची. त्यामुळे प्रवाशास पनवेलास थांबणे भागच पडे, आणि जेथे माणसास थांबावे लागते तेथे त्याच्या जेवणाचा प्रश्न निघतोच.

तो प्रश्न त्या काळी प्रवासी कसा सोडवीत असे? तर धर्मशाळेच्या ओसरीवर किंवा झाडाखाली तीन दगडांची चूल मांडून. वाण्याकडून शिधा घ्यावा, आपले पाणी आपण आणावे, आपला भात आपण शिजवावा आणि दुसऱ्याची सावली पडणार नाही अशा बेताने जेवावे, ही रीत होती. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले. त्यांचा ‘माझा प्रवास’ ज्यांनी वाचला आहे त्यांस त्या काळच्या वाटचालीची कल्पना येईल. पैसा गाठीस असूनही शिजलेले अन्न विकत घेऊन खाणे ही गोष्ट उच्चवर्णीय प्रवाशाच्या मनासही शिवत नसे.

आपल्या घरोघरी प्रवासासाठी दशम्या करतात, त्यामागेही हेच कारण आहे, हे नव्या पिढीस कदाचित ठाऊक नसेल. पाण्यात शिजलेले अन्न लवकर विटाळते, दुधात भिजविलेल्या किंवा तुपात तळलेल्या अन्नास तो दोष कमी लागतो, अशी समजूत होती. म्हणून पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवावयाचे. दशमी टिकते, मऊ राहते, लोणच्याबरोबर गोड लागते, हे सर्व खरेच. पण तिच्या जन्मास चवीइतकेच सोवळेही कारण आहे. ज्या पदार्थाची आपण कौतुकाने आठवण काढतो, त्याच्या घडीत दुसऱ्या माणसाविषयीचे भयही दुमडलेले आहे.

1863 साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि मुंबई-पुण्याची वाट पनवेलास टाळून गेली. बंदराची रया गेली; गाडीतळ ओस पडले. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, 1964 साली, दिव्याहून पनवेलास लोहमार्ग आला, तोवर आगगाडीच्या दृष्टीने हे गाव आडबाजूसच होते. परंतु आगगाडीने एक मोठे काम केले. तिने एका बाकावर नाना जातींची माणसे बसविली आणि तहान लागल्यावर त्यांस एका फलाटावर उतरविले. त्यावर समाजाने तोड काढली ती अशी, की स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ वेगळे ठेवावयाचे. बाक एक झाले, घागरी मात्र दोनच राहिल्या. आणि ज्यांस अस्पृश्य म्हणत, त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतणारा मनुष्य भेटेल तेव्हाच त्यांची तहान भागावयाची.

याच वाटेच्या वरच्या टोकाला, पुण्यात, 1890 साली पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांसारखे पुरुष त्यांत होते. त्यांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध होताच ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद कित्येक महिने चालला. एक पेला चहा! आज पनवेलच्या स्थानकाबाहेर उभ्याउभ्या चहा घेणाऱ्या आपल्या तरुणांस ही कथा सांगितली तर ते हसतील. हसावे, पण तो पेला स्वस्त नव्हता, एवढे ध्यानात ठेवावे.

पुढे शहरांत खाणावळी निघाल्या. कित्येक निराधार विधवांनी आपल्या हातच्या चवीवर संसार सावरले, हे या धंद्याचे उजळ अंग. परंतु खाणावळीच्या पाटीवरही बहुधा जातीचा उल्लेख असे आणि आत कोणी बसावे हे त्यावरून ठरे. ज्ञातिसंस्थांची वसतिगृहे निघाली, त्यांच्या अनेक हेतूंपैकी एक हाही होता, की परगावी शिकणाऱ्या मुलास ‘आपल्यांतले’ अन्न मिळावे. त्या वसतिगृहांनी पिढ्या शिकविल्या, हे ऋण कोणी नाकारणार नाही. तथापि त्यांच्या भोजनगृहाचे दार आतून उघडे व बाहेरून बंद होते, हेही तितकेच खरे.

आता याच पनवेलहून कर्नाळ्यावरून दक्षिणेस गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याकडे वळू. त्याच रस्त्यावर महाड आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांस खुल्या असाव्यात असा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी 1923 साली मुंबई कायदेमंडळात संमत करून घेतला होता. तो कागदावरच राहिला, म्हणून 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले व तेथील पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या मांडवावर हल्ला झाला. परगावी परतण्यापूर्वी काही मंडळी जेवत होती; त्यांच्या पुढ्यातील अन्न मातीत तुडविले गेले. आम्ही हा प्रसंग येथे मुद्दाम सांगतो. वाटसरूचे ताट लाथाडले जाणे यापरते लांच्छन कोणते? आणि ते ज्या रस्त्यावर घडले, त्याच रस्त्याने आपण सहलीस जात आहोत.

त्याच किनाऱ्यावर आणखी खाली, रत्नागिरीत, 1933 साली स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने सर्व जातींच्या हिंदूंसाठी एक उपाहारगृह उघडले गेले. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांस हॉटेल काढून दिले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. विचारांनी भिन्न असलेल्या या पुरुषांस उपाहारगृहासारखी किरकोळ वाटणारी गोष्ट महत्त्वाची वाटावी, यातच तिचे मर्म आहे. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात तर दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांचा स्पष्ट निर्देशच आहे: जातीच्या कारणाने तेथे कोणास मज्जाव करता येणार नाही. राष्ट्राच्या मूलभूत कायद्यात चहाच्या दुकानाला जागा मिळाली, ती उगाच नव्हे.

1948 साली एस.टी.ची पहिली गाडी पुणे-नगर रस्त्यावर धावली आणि हळूहळू प्रवासी पुन्हा रस्त्यावर आला. त्याबरोबर पनवेलचेही भाग्य उजळले. मुंबईहून पुण्याकडे, तसेच कोकणाकडे जाणाऱ्या वाटा येथूनच फुटत. एस.टी.च्या थांब्यावर दहा-पंधरा मिनिटांत सर्व प्रवाशांनी एका मेजावर बसून मिसळ-चहा घ्यावा लागे. जात विचारावयास वेळच नसे! सुधारकांच्या उपदेशाने जे मोठ्या कष्टाने झाले, त्यास गाडीच्या वेळापत्रकाने असा हातभार लावला.

येथे आम्हांस एक जुनी आठवण सांगितली पाहिजे. ती सांगण्यास आजवर धीर झाला नाही. 1972 च्या हिवाळ्यात आपल्या मंडळाची सहल कर्नाळ्यास गेली होती. वाशीचा खाडीपूल तेव्हा खुला झाला नव्हता; भाड्याची मोटार ठाणे, मुंब्रा, शीळ अशा वळणाने पनवेलास आली. दुपारी गावातील एका ज्ञातिबांधवांच्या अंगणात पंगत मांडली होती: वालाचे बिरडे, आळूची भाजी, मसालेभात, जिलेबी. श्लोक झाले, आग्रह झाला. मोटारीच्या चालकाचे पान मात्र अंगणाबाहेर, मोटारीच्या सावलीत मांडले होते. ‘तो आपल्यांतला नाही’ एवढेच कोणीतरी हलक्या आवाजात म्हणाले. कायदा होऊन सतरा वर्षे झाली होती.

त्या गृहस्थांनी पानास हात लावला नाही. ते रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. पान तसेच उचलून पडवीच्या कडेला ठेवले, ‘जरा जाऊन येतो’ म्हणाले आणि एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागले. आम्ही तेव्हा विशीच्या आतबाहेरचे; वाढपाचे काम आमच्याकडे होते. मीठ-लिंबू आणण्याच्या निमित्ताने बाजाराकडे गेलो, तेव्हा ते एका साध्या हॉटेलात, चार अनोळखी माणसांबरोबर एका बाकावर बसून उसळ-पाव खाताना दिसले. त्यांनी आम्हांस पाहिले. आम्ही मान खाली घातली आणि परत येऊन जिलेबी वाढू लागलो. आज पन्नासहून अधिक वर्षे लोटली. त्या पंगतीचे सर्व पदार्थ आठवतात, पण चव मात्र त्या बाकावरच्या उसळ-पावाचीच मनात राहिली आहे, जो आम्ही खाल्लाही नव्हता.

त्या दिवशी आमच्या ध्यानात आले ते हे, की आपल्या पंगतीहून ते हॉटेल अधिक सुसंस्कृत होते.

असो. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आजचे पनवेल त्या पनवेलहून फार निराळे झाले आहे. 2002 साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, 2016 साली पनवेलास महानगरपालिका आली, 2024 साली शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. पळस्पे फाट्यापासून कर्नाळ्यापर्यंत खाण्याची ठिकाणे पावलोपावली लागतात. त्यांची यादी आम्ही देत नाही. ती दरवर्षी बदलते. परंतु एक विनंती आहे. मुंबईत मिळते तेच खाण्यासाठी पनवेलास जाऊ नये. या भूमीचे स्वतःचे अन्न आहे, आणि ते येथील आगरी, कोळी, कातकरी, ठाकूर बांधवांनी खारी जमीन कसून, खाडीत जाळे टाकून व रानात हिंडून राखले आहे. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, सुकट-जवळा, चिंबोऱ्यांचे कालवण, मत्स्याहारी मंडळींच्या तोंडाला पाणी सुटेल असा जिताडा. शाकाहारी मंडळींस वालाचे बिरडे व पेणचे पोह्याचे पापड. थंडीचे दिवस असतील तर पोपटी: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या ओल्या शेंगा भरावयाच्या आणि मडके उपडे ठेवून भोवती जाळ करावयाचा, पाण्याचा थेंब लागत नाही. आपल्या जुन्या सोवळ्यातील मंडळींसही ही युक्ती पटली असती!

कर्नाळ्यास जाताना वाटेत शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म 1845 साली येथेच झाला. रामोशी बांधवांस हाताशी धरून त्यांनी बंडाचा झेंडा उभारला, हे मुलांस अवश्य सांगावे. अभयारण्य 1968 साली घोषित झाले. वर कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका आणि खाली गर्द रान. शीळकरी कस्तुराची शीळ ऐकावयाची असेल तर पहाटे जावे. माकडांस खाऊ देऊ नये, कागद व प्लास्टिक रानात टाकू नये. अन्न वाटण्याची हौस माणसांसाठी राखून ठेवावी.

शेवटी समितीपुढे एक सूचना नम्रपणे ठेवतो. यंदाच्या सहलीत जेथे जेवण होईल तेथे गाडीचे चालक व त्यांचे साथीदार यांची पाने पंगतीत, आपल्या शेजारी असावीत. आणि पहिले वाढप त्यांस व्हावे. ते कोणत्या जातीचे हे कोणी विचारू नये. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत असे लिहिणे काहींस विसंगत वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. आपण एकत्र आलो ते परस्परांस हात देण्यासाठी. कोणाचे पान बाहेर मांडण्यासाठी नव्हे. 1972 च्या त्या गृहस्थांचे नाव आम्ही विचारून घेतले नाही, याची खंत आहे. त्यांचे पान आपल्याकडून अद्याप वाढावयाचे राहिले आहे. ते यंदा वाढले जावो, एवढीच श्रीचरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.