वैद्यकप्रवेशातील भाषा आणि शाखा : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक टिपण

वैद्यकाकडे जाणारा मार्ग केवळ विज्ञानशाखेतूनच जातो, असे आज सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीत मानले जाते तितके जुने नाही. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले, तेव्हा शाखांच्या भिंती पुरत्या उभ्या राहिल्या नव्हत्या. त्याच्या पहिल्या तुकडीतील भाऊ दाजी लाड हे एल्फिन्स्टन संस्थेत शिकून तेथेच अध्यापन करीत होते. १८५१ मध्ये वैद्यकाची पदवी घेतल्यावरही त्यांनी संस्कृत ग्रंथ, नाणी व शिलालेख यांचा व्यासंग सोडला नाही. अजिंठ्याचे लेख वाचणारा हा विद्वान कडू कवठाच्या बियांच्या तेलाने कुष्ठरोग्यांवर उपचारही करीत होता. पुढे अण्णा मोरेश्वर कुंटे या डॉक्टरांनी ‘अष्टांगहृदया’चे संपादन केले. दोन्ही विद्या एका व्यक्तीत नांदत होत्या.

धाराशिव जिल्ह्याची स्थिती मात्र निराळी होती. १९४८ पर्यंत तो हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादेत १८४६ मध्ये निघालेल्या वैद्यकशाळेत प्रारंभी उर्दूतून शिकविले जाई. १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठानेही उर्दू हेच माध्यम स्वीकारले, व इंग्रजी हा विषय आवश्यक ठेवला. म्हणजे मराठी विद्यार्थ्यास घरची भाषा एक, व्याख्यानाची दुसरी आणि संदर्भग्रंथांची तिसरी. येथे शाखेच्या आधी भाषेचाच उंबरठा ओलांडावा लागे.

संस्थान विलीन झाल्यावर उर्दू माध्यम मागे पडले. १९५६ मध्ये औरंगाबादेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. मराठवाड्याचे अंतर कमी झाले. तथापि माध्यम इंग्रजीच राहिले, आणि विज्ञानशाखेची अट दृढ झाली. अमेरिकेत याहून वेगळी व्यवस्था आहे. तेथे वैद्यकप्रवेश सामान्यतः पदवीनंतर होतो; इतिहास वा साहित्य हा मुख्य विषय घेतलेला विद्यार्थी जीवशास्त्र, रसायन व पदार्थविज्ञान यांचे नेमलेले पाठ प्रयोगशाळेसह पूर्ण करून अर्ज करू शकतो. ओझे दुहेरी असते, पण दार उघडे असते. आपल्याकडे २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांस ‘नीट’साठी मुभा दिली. पदार्थविज्ञान व रसायन मात्र सुटत नाहीत. दहावीनंतर कलाशाखेत गेलेल्या मुलास ही फट अपुरीच आहे.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ विद्यार्थ्याच्या सोयीपुरते नाही. मराठीत वेदनेला एक नाव नाही. कळ, ठणका, चमक, उसण, मुरडा, आग, हुळहुळणे या प्रत्येक शब्दात वेदनेचे स्थान, गती वा प्रकार सूचित होतो. ‘पोटात मुरडा येतो’ आणि ‘पोटात आग पडते’ ही दोन विधाने निदानास दोन वेगळ्या दिशा देतात. हे भेद न ओळखणारा वैद्य रोग्याच्या कथनाचा अर्धा भाग गमावतो. २०१९ पासूनच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात प्रारंभीच्या पाठ्यक्रमात स्थानिक भाषेला स्थान मिळाले, हे या दृष्टीने स्वागतार्ह होय.

धाराशिव येथे २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्यातील रोग्यास आता वैद्य जवळ मिळेल. त्याची भाषा जाणणारा वैद्य मिळावा यासाठी विज्ञानाची पातळी शिथिल करण्याचे कारण नाही. भाषा व इतिहास यांत रस असलेल्या विद्यार्थ्यास विज्ञानाचे आवश्यक विषय पुढेही पूर्ण करता यावेत, इतकीच तरतूद पुरेशी आहे. भाऊ दाजींच्या काळी जे व्यक्तीच्या बळावर घडले, ते आज व्यवस्थेने सुलभ करावयाचे आहे.