प्रवरेकाठचा पोयटा

आमच्या आजीनं मडकं कधी नुसतं बघून घेतलं नाही. बाजारात ती ते हातावर तोलायची, कानाशी न्यायची आणि बोटाच्या पेरानं ठक् करून वाजवायची. खणखणीत बोललं तर घासाघीस सुरू. बद्द बोललं तर "तडा हाय गं बाई ह्याला" म्हणून खाली. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेका संताचं डोकं वाजवलं आणि नामदेव कच्चा निघाला, ही गोष्ट तिच्याच तोंडची. पण सांगताना ती नेहमी नामदेवाची बाजू घ्यायची. "लेकरू ते! वाजवायचं कशाला?"

तिचं माहेर प्रवरेकाठी, संगमनेरजवळ, जोर्व्याच्या शेजारी. तिथल्या कुंभारआळीतल्या तात्यांना ती भाऊ मानायची. आता ते नव्वदीकडे झुकलेत. नोकरी संपल्यावर मी त्यांच्याकडे माती शिकायला जाऊ लागले, तेव्हा त्यांची एकच अट होती: पिशवीतली विकतची माती आणायची नाही, नदीला चालायचं.

नदीच्या वळणावर, पाणी संथ होतं तिथं पोयटा साठतो. मुळ्या-कचऱ्याचा वरचा वीतभर थर बाजूला सारायचा आणि खालची माती घ्यायची. चिमूटभर ओली करून तिची वळी करायची, बोटाभोवती गुंडाळायची. चिरली नाही तर कामाची. मग तात्या थोडी दाताखाली धरतात. कचकच किती, त्यावरून रेती किती ते कळतं. रानातली काळी माती ते बेतानंच मिसळतात. पाणी पिऊन फुगते, वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेतात पाऊल जाईल अशा भेगा पाडणारी तीच ना! नुसत्या काळीचं भांडं चाकावर शहाण्यासारखं वागतं आणि सावलीत वाळता वाळता तडकतं.

म्हणून राख, आणि गाढवाची लीद. लीद आव्यात जळून जाते, मातीत बारीक छिद्रं उरतात. त्यांतून पाणी पाझरतं, वाऱ्यानं उडतं आणि आतलं गार पडतं. पाहुण्यांना लिदीचं गुपित पाणी पिऊन झाल्यावरच सांगायचं, असा तात्यांच्या घरचा रिवाज आहे.

सगळ्यांत खोडसाळ ती चुनखडी. मुगाएवढा पांढरा खडा मातीत राहिला तर आव्यात भाजून त्याची चुनकळी होते. मडकं देखणं निघतं, गिऱ्हाईक घेऊन जातं, आणि काही दिवसांनी ती कळी ओलावा पिऊन फुगते. टप्पदिशी पापुद्रा उडतो. "गिऱ्हाईक भांडाया येतं, आन् खडा आत बसून हसतो," तात्या म्हणतात. माती पाण्यात कालवायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची, तळाचा गाळसाळ फेकायचा. मी वाळलेल्या खड्यावर लिंबू पिळून बघते. फसफसला की चुना. तात्यांना ह्या लिंबाचं भारी हसू येतं. त्यांना खडा चालता चालता दिसतो.

आजी सांगायची की पुण्याहून साहेबलोक येऊन जोर्व्याच्या पांढरीवर खणत बसले होते. तेव्हा तिचं लग्न झालं होतं की नव्हतं, हे ती दर वेळी बदलायची. पण साल पुस्तकात सापडतं: 1950-51, डेक्कन कॉलेजचे सांकळिया आणि देव. फुटकी खापरं धुऊन, आकडे घालून उन्हात मांडलेली बघून बायकांना हसू आवरेना म्हणे. धडकी मडकी बाजारात असताना फुटकी कोण नेतं? ती खापरं तीन हजार वर्षांहून जुनी होती. चाकावर घडवलेली, लाल अंगाची, काळ्या रेघांची. तोटीची भांडी आणि कंगोऱ्याचे वाडगे. पुढे महाराष्ट्रात ठिकठिकाणी तसलीच भांडी निघाली, त्या सगळ्यांना जोर्व्याचंच नाव पडलं. वाजवली तर धातूसारखी खणखणतात, असं मी तात्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आवा कडक लावत असतील. जळण मुबलक असंल तवा."

नेवाशाला आणि घोडनदीकाठच्या इनामगावला त्याच काळातल्या घरांच्या जमिनीखाली मडकी मिळाली, दोन-दोन, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. आत तान्ह्या मुलांची हाडं. हे मी आजीला सांगायला नको होतं असं माझ्या आईचं मत. आजीची दोन लेकरं देवीच्या साथीत गेलेली. तिनं एवढंच विचारलं, "घरातच ठेवायचे का गं? बरं करायचे."

तिच्या स्वयंपाकघरात मात्र दूध वायलावर, गाडग्यात, दिवसभर. संध्याकाळपर्यंत त्याला बदामी रंग चढायचा आणि वर भाकरीएवढी साय. ताकाला डेरा, संक्रांतीला सुगडं, उन्हाळ्याला रांजण. ह्याचे पैसे कोणी मोजत नसे. सुगीला तात्यांचे वडील खळ्यावर यायचे आणि बलुत्याचं धान्य घेऊन जायचे. सगळं गोडीगुलाबीनं चालायचं असं आजी म्हणायची; तात्यांच्या म्हणण्यानं पाखडीतलं धान्य आधी कुंभाराच्या पोत्यात पडायचं. मला तात्यांचं खरं वाटतं.

1972 च्या दुष्काळात चाक थांबलं. माती कालवायला पाणी कुठलं? तात्या नवरा-बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. मिलोची चव विचारली तर ते आजही तोंड वाकडं करतात. पाऊस आला तोवर गावात घरोघर जर्मनची पातेली आलेली.

माझ्या हातची पहिली धड हंडी गोवऱ्यांच्या आव्यातून निघाली, एका बाजूला धुरानं काळवंडलेली. तात्यांनी आधी त्यात तांदळाची पेज उकळायला लावली, छिद्रं बुजावीत म्हणून, मगच आमटी. पैशांचं नाव काढल्यावर ते रागावले. "बलुतं दे. पायलीभर बाजरी." मी पुण्यातल्या वाण्याकडून निवडक बाजरी नेली. त्यांनी मूठभर ओंजळीत घेतली, फुंकली, चार दाणे चावून बघितले आणि सुनेला हाक मारून म्हणाले, "हायब्रीड हाय. कोंबड्यांना घाल."