दवाखान्यात न बसणारे डॉक्टर

दहावीचा निकाल लागला की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत घरोघरी पेढ्यांच्या पुड्याबरोबर एक प्रश्न हमखास येतो : “मग काय, डॉक्टर की इंजिनीयर?” विचारणारे काका किंवा मावशी प्रेमानेच विचारतात. तुम्ही “डॉक्टर” म्हणालात, की त्यांच्या डोळ्यांपुढे पाटी लावलेला दवाखाना आणि बाहेर बसलेले रोगी येतात. त्यात गैर काहीच नाही. पण डॉक्टरांचा आणखी एक वर्ग आहे. तो नाडी पाहत नाही, औषधाची चिठ्ठीही लिहून देत नाही. आणि तरीही त्याच्या कामामुळे हजारो माणसे आजारीच पडत नाहीत. आज या दुसऱ्या वर्गाची थोडी हकीगत तुम्हांला सांगावयाची आहे, आणि ती आपल्याच मुंबईत घडलेली आहे.

प्रथम आपण 1896 सालच्या मुंबईत जाऊ. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात विचित्र ताप आणि जांघेत, काखेत गाठी येऊन माणसे पटापट दगावू लागली. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग आहे हे ओळखले. शहरात घबराट झाली, माणसे मिळेल त्या वाटेने बाहेर पडू लागली. वांद्र्याच्या जुन्या गावठाणांत त्या साथीच्या काळात उभारलेले क्रूस अजूनही पाहायला मिळतात. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, म्हणजे 1894 साली, हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण सापडलेल्या जंतूला अडवायचे कसे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

अशा वेळी ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. आता मौज पाहा : हे हाफकिन वैद्यकीचे डॉक्टर नव्हतेच! ओडेसा शहरी 1860 साली जन्मलेला हा माणूस प्राणिशास्त्र शिकलेला, आणि पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत जंतूंच्या अभ्यासात रमलेला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना काम करायला जागा मिळाली. हाताशी माणसे मोजकी, साहित्य बेताचे. मांसाच्या रश्शात जंतू वाढवायचे होते. त्यांनी रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबू लागली. मग उष्णता देऊन ते जंतू मारायचे, आणि तो मेलेला माल लस म्हणून टोचायचा. शरीराला शत्रूची ओळख पटावी, पण शत्रूने इजा करू नये, एवढीच त्यातली युक्ती. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी पहिली लस स्वतःलाच टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा जे कैदी आपखुशीने पुढे झाले त्यांना ती टोचण्यात आली. टोचलेल्यांत रोगही कमी झाला आणि मृत्यूही कमी झाले. परळची आजची हाफकिन संस्था याच कामातून उभी राहिली. 1925 पासून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

पण ही गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धीच सांगितली असे होईल. 1902 साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी 19 माणसे धनुर्वाताने दगावली. ती सारी एकाच बाटलीतून टोचलेली होती. ठपका हाफकिन यांच्यावर आला, काम हातचे गेले. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि 1907 साली त्यांच्यावरचा दोष दूर झाला. तोवर उमेदीची वर्षे निघून गेली होती. संशोधनाची वाट म्हणजे नुसता सन्मानाचा रस्ता नव्हे, हे तुम्ही आधीच समजून घेतलेले बरे. 2020 साली शाळा बंद झाल्या, तेव्हा तुम्ही लहान होता. पण लशीची वाट पाहणे म्हणजे काय, हे तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. ते सांगतील.

आता तुम्ही म्हणाल, “हाफकिन परदेशचे. आमच्यासारख्या मराठी घरातल्या मुलामुलींचे काय?” रास्त प्रश्न आहे. म्हणून दोन नावे सांगतो. योगायोग असा, की एक कमला आणि दुसरी कमल.

पहिल्या, डॉ. कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या या भगिनी. 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला. तिथे प्रमुख होते प्रत्यक्ष सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. का? तर अर्जदार मुलगी होती, एवढ्याचसाठी! कमलाबाई मुकाट्याने घरी परतल्या नाहीत. माझ्या गुणांत काय उणे आहे, ते सांगा, असा त्यांनी आग्रह धरला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिले वर्ष रीतसर विद्यार्थिनी म्हणून धरायचे नाही, काम पसंत पडले तरच पुढे. त्यांचे काम पसंत पडले. आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना दार उघडे झाले. एका मुलीच्या हट्टामुळे मागून येणाऱ्या कितीजणींची सोय झाली, पाहा.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. प्राण्यांच्या पेशी प्राणवायूचा उपयोग करतात, त्या व्यवहारात ‘सायटोक्रोम सी’ नावाचे एक द्रव्य मदत करते. हेच द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी दाखवून दिले. आणि त्याचा धागा सापडला तो आपल्या साध्या बटाट्यात! 1939 साली त्यांना पीएच.डी. मिळाली. त्यांचा प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा होता. तेव्हा वह्याच्या वह्या भरणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

1947 साली विवाहानंतर त्या मुंबईत आल्या आणि इथल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. त्यांनी संशोधनाला विषय कोणते घेतले? डाळी-कडधान्ये, तांदळाचे पीठ आणि नीरा. गरीब माणसाच्या पोटात जे जाते, त्यात किती सत्त्व आहे, हा त्यांचा प्रश्न. कच्च्या कडधान्यांत पचनाला अडवणारी द्रव्ये असतात आणि उष्णतेने त्यांचा जोर बराच ओसरतो, या गोष्टीचा त्यांच्या प्रयोगशाळेत अभ्यास झाला. तुमची आजी डाळ नीट शिजल्याशिवाय ताटात वाढत नाही, ते काही उगाच नव्हे! नीरेवरचे काम त्यांनी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतले. कुपोषित मुलांना आणि आदिवासी स्त्रियांना नीरा उपयोगी पडते, असे त्यातून दिसून आले; या कामाबद्दल राष्ट्रपतींचे पारितोषिकही मिळाले. आणि उपनगरातल्या वाचकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे, की गोरेगावच्या आरे दूध प्रकल्पालाही त्या सल्ला देत असत.

दुसऱ्या, डॉ. कमल रणदिवे. जन्म 1917 चा, पुण्याचा. यांची गोष्ट तर तुमच्या घरातली वाटेल. वडिलांची इच्छा, की मुलीने वैद्यकीला जावे. मुलीला ओढ वनस्पतिशास्त्राची आणि प्राणिशास्त्राची. तिने आपली ओढ जपली. मुंबईला आल्यावर टाटा रुग्णालयात डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्या हाताखाली काम करून 1949 साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. मग अमेरिकेत जाऊन शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी तशी प्रयोगशाळा उभारली. उंदरांमध्ये स्तनाचा कर्करोग कसा उद्भवतो, त्यात आनुवंशिकतेचा भाग किती, याचा त्यांनी वर्षानुवर्षे शोध घेतला. 1973 साली भारतीय स्त्री वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता; 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. वैद्यकीला न गेलेली ही मुलगी अखेर रोग्यांच्याच कामी आली, नाही का?

आता थोडे व्यवहाराचे बोलू. पालकांनीही ऐकावे. या वाटेला वेळ लागतो. पदवी, मग एम.एस्सी., मग पीएच.डी., असे बारावीनंतर दहा वर्षे सहज जातात. मधल्या काळात शिष्यवृत्ती मिळते, पण बरोबरीचे मित्र तुमच्या आधी कमावते होतात. दहा प्रयोगांतले आठ फसतात. हे सारे पत्करायची तयारी हवी. मात्र सोयी म्हणाल तर आज त्या दारात आहेत. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. जीवशास्त्राच्या ऑलिंपियाडची तयारी तिथे होते. सहावी-नववीच्या मुलांसाठी मुंबईच्या विज्ञानशिक्षकांनी 1981 पासून होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा चालवली आहे. कलिन्याला मूलभूत विज्ञानांचे केंद्र आहे, पवईच्या आय.आय.टी.त जीवशास्त्राचा विभाग आहे. कमलाबाईंना बंगळूरला जाऊन दार ठोठावावे लागले. तुम्हांला लोकलचा पास पुरेल.

आणि दार ठोठावण्याआधी एक काम घरीच करून पाहा. एकाच पिशवीतले दूध दोन वाट्यांत घ्या, एक वाटी उकळून थंड केलेली, एक न उकळलेली. दोन्ही झाकून शेजारी-शेजारी ठेवा आणि दर दोन तासांनी वास, रंग, दाटपणा वहीत टिपून ठेवा. कोणते आधी नासले? किती वेळाने? उद्या हाच प्रयोग एक वाटी फ्रिजमध्ये ठेवून करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढा नियम पाळा. आणि ते दूध पिऊ मात्र नका. चार दिवसांनी वही आपल्या विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना दाखवा. “असे का झाले?” असे त्यांनी विचारले आणि तुम्हांला उत्तर आले नाही, तरी लाजू नका. ते उत्तर शोधायला तुम्ही जे पुस्तक उघडाल, तिथून तुमचे शिक्षण खरे सुरू होईल. आणि पुढच्या वेळी काका-मावशींनी तो नेहमीचा प्रश्न विचारला, तर त्यांना सांगायला तुमच्याजवळ तिसरे उत्तर असेल.