दंडक्रम आणि ओवी : स्मरणाच्या दोन वाटा

१/ अहिल्यानगरचे १९ वर्षीय वेदमूर्ती देवव्रत महेश रेखे यांनी २०२५ मध्ये काशीत शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे दंडक्रम पारायण पूर्ण केले. सुमारे २००० मंत्र, ५० दिवस आणि सारे मुखोद्गत. हे कसे साधते?

२/ पाठांतरात संहितापाठानंतरची पायरी पदपाठाची. त्यात संधी सोडवून प्रत्येक पद सुटे म्हणतात. शब्द कोठे संपतो हे कानाला कळते. भाषेची जाण येथूनच सुरू होते.

३/ त्यापुढे जटा, घन आदी आठ विकृती येतात. दंड ही त्यांपैकीच एक. पदांना क्रमांक दिले, तर तिचा क्रम असा : १२, २१, १२, २३, ३२१, १२, २३, ३४, ४३२१.

४/ प्रत्येक टप्प्यावर आरंभापासून पुन्हा सुरुवात होते. चार पदांतच पहिले पद सहा वेळा उच्चारले जाते, चौथे दोनदा. उलट्या क्रमामुळे केवळ लयीच्या ओघात पुढे सरकता येत नाही. प्रत्येक पद स्वतंत्रपणे आठवावे लागते.

५/ जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाऊस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःचीच स्मृती मोजली. एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, असे त्यांनी १८८५ मध्ये मांडले. आज परभाषेचे शब्द शिकवणारी ॲप्स याच तत्त्वावर चालतात. वेदपाठशाळेतील नित्य आवृत्तीमागे हाच अनुभव होता.

६/ या व्यवस्थेने अक्षर आणि स्वर राखले. पण स्त्रिया व शूद्र यांना वेदाधिकार नाकारला गेला. शिवाय पाठ झालेल्या मंत्राचा अर्थ कळेलच असेही नव्हते.

७/ याच जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या नेवाशात, शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) दुसरी वाट सिद्ध झाली. ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठी ओवीत सांगितला. सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला.

८/ ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड व मोकळा. एक चरण आठवला की यमक पुढचा सुचवते. येथे स्मृतीला आधार नाद आणि अर्थ या दोहोंचा. म्हणून सुमारे ९००० ओव्यांचा ग्रंथ अक्षरशत्रूच्याही ओठी पोहोचू शकला.

९/ या मोकळेपणाचीही किंमत होती. हस्तलिखितांत पाठभेद शिरले आणि शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) पैठणच्या एकनाथांना ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली.

१०/ दंडक्रमाने शब्द अभंग ठेवला, पण तो मोजक्यांपुरता. ओवीने तो सर्वांना दिला, पण तो बदलत गेला. जपणे आणि वाटणे यांतील हा ताण मराठीच्या इतिहासात आरंभापासून आहे.