एका शिवारांतील दोन कापूस

धारूर म्हटलें कीं इतिहासाच्या वाचकास किल्ला आठवतो. १५६७ त आदिलशाहीतील किश्वरखानानें तो बांधून काढला आणि १६३१ त शहाजहानच्या फौजेनें तो घेतला, एवढें मीं वर्गांत अनेक वर्षें शिकविलें. परंतु श्रोतेहो, आज सांगावयाचा इतिहास किल्ल्याबाहेरच्या काळ्या शिवारांतला असून तो पुष्कळच जुना आहे. विषय कापसाचा आहे. अधिक नेमकें सांगावयाचें तर, एका वंशांतून निराळ्या जाति कशा होतात, आणि एकदां झाल्यावर त्या पुन्हां एक कां होत नाहींत, याचा.

आमच्या भागांत पूर्वीं गावरान कापूस पेरीत. निजामाच्या राज्यांत, म्हणजे १९४८ पर्यंत, मराठवाड्याच्या या कापसास व्यापारी ‘गावराणी’ म्हणत आणि देशी कापसांत त्याचा धागा चांगला समजला जाई. त्याचें पान हाताच्या बोटांप्रमाणें खोल चिरलेलें, फूल पिवळें, बोंड लहान व खालीं मान घातलेलें. शेजारच्या वावरांत अमेरिकन कापूस असला तर त्याचें पान रुंद, फूल पांढुरकें व दुसऱ्या दिवशीं गुलाबी होणारें, बोंड टपोरें. कापसाचे पराग जड व चिकट असल्यामुळें ते वाऱ्यानें जात नाहींत, माश्यांच्या अंगास लागून जातात. आणि माशी कांहीं बांध ओळखीत नाहीं. असें असूनहि या दोहोंच्या मधला कापूस शिवारांत आपोआप उगवत नाहीं. याचें कारण कळावयास विसावें शतक उजाडावें लागलें.

त्याआधीं काय घडलें तें पाहूं. इंग्लंडच्या गिरण्यांना लांब धागा हवा होता, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनें १८४० त अमेरिकेंतून कांहीं मळेवाले आणवून येथें त्यांच्या कापसाचे प्रयोग मांडले. बहुतेक ठिकाणीं ते फसले. धारवाडकडे मात्र ती जात रुजली आणि ‘धारवाड-अमेरिकन’ या नांवानें बाजारांत आली. पुढें १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाचे भाव आकाशास भिडले, आणि गाठींतील भेसळ इतकी माजली कीं मुंबई सरकारास १८६३ त कापसाच्या लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. विलायती कापूस या मातींत बिघडतो, देशीशीं मिसळून हलका होतो, अशी त्या काळीं तक्रार असे. मिसळत होता हें खरें. पण तो जिनांत, वखारींत आणि दलालाच्या हातून. माणसाच्या लबाडीचा आळ फुलावर घालण्याचा हा प्रकार मला नेहमीं मौजेचा वाटत आला आहे.

आतां कारण. सजीवाच्या प्रत्येक पेशींत गुणसूत्रें नांवाचे सूक्ष्म धागे असतात आणि आईबापांचे गुण त्यांच्यामार्फत संततीस मिळतात. देशी कापसांत तीं २६, म्हणजे १३ जोड्या. अमेरिकन कापसांत ५२. पराग किंवा बीजांड तयार होतांना प्रत्येक गुणसूत्र आपला जोडीदार गांठतें, आणि मग दोघे दोन वाटांनीं जातात. देशी व अमेरिकन यांचा संकर केला तर बहुधा बोंडच गळतें. खटपटीनें एखादें रोप हातीं लागलेंच, तर त्यांत एका बाजूचीं १३ आणि दुसऱ्या बाजूचीं २६ मिळून ३९ गुणसूत्रें येतात. त्यांतील २६ कशाबशा जोड्या जमवितात. उरलेलीं १३ मांडवांत वधूवांचून बसलेल्या वरांप्रमाणें एकटीं राहतात. वांटणी विषम होते, पराग पोकळ निघतात. झाड हिरवेंगार वाढतें, फुलतें. पण सरकी धरीत नाहीं.

ज्यांची आपसांतील संतति पुढें फळते ती एक जाति, ही व्याख्या अर्न्स्ट मायर यांनीं आपल्या १९४२ च्या ग्रंथांत ठसठशीतपणें मांडली. रूपाचें साम्य तेथें दुय्यम आहे. आपल्या समाजांत ज्यांस जाती म्हणतात त्यांच्याशीं या शब्दाचा कांहींएक संबंध नाहीं. या अर्थानें पृथ्वीवरील सर्व माणसें एकाच जातीचीं आहेत.

मग अमेरिकन कापसांत ५२ आलीं कोठून? स्कॉव्हस्टेड या शास्त्रज्ञानें १९३४ त दाखवून दिलें कीं त्यांतील २६ मोठीं असून आपल्या जुन्या जगांतील कापसाच्या गुणसूत्रांसारखीं आहेत, आणि २६ लहान असून अमेरिकेंतील रानटी कापसाच्या गुणसूत्रांसारखीं. अर्थ असा कीं कोणे एके काळीं या दोन वंशांचा संकर झाला. एकाचीं १३, दुसऱ्याचीं १३, पण एकमेकांस अनोळखी. तेव्हां झाड वांझच असावयाचें. परंतु योगायोगानें पेशींतील सर्व गुणसूत्रें दुप्पट झालीं. दुप्पट होतांच प्रत्येकास स्वतःचा जोडीदार मिळाला. झाड फळलें, पण आईच्या किंवा बापाच्या वंशाशीं त्याचें जुळेना, आणि नवी जाति जन्मास आली. हा योग सुमारें १० ते २० लक्ष वर्षांपूर्वींचा मानतात. जुन्या जगाचें बी समुद्रावरून वाहत गेलें असावें असा तर्क आहे.

तर्कावर न थांबतां बीझ्ली या अमेरिकन संशोधकानें १९४० त ही घटना पुन्हां घडवून दाखविली. त्यानें देशी कापसाचा तिकडील रानटी कापसाशीं संकर केला आणि त्यावर कोल्चिसिन हें औषध लावलें. आपल्या रानांतील कळलावीच्या कंदांत जें विष असतें तेंच हें. त्यानें गुणसूत्रें दुप्पट होतात. तयार झालेलें झाड अमेरिकन कापसाशीं फळलें.

सर्वच जाति अशा एका झटक्यांत होत नाहींत. देशी म्हणतों त्या कापसाच्याहि दोन जाति आहेत: एक आमच्या गावराणीची, दुसरी गुजराथेंत व कुमठ्याच्या नांवानें विकल्या जाणाऱ्या कर्नाटकी कापसांत आढळणारी. दोहोंतहि गुणसूत्रें २६ च. दीर्घकाळ एकमेकींपासून दूर वाढल्यामुळें त्यांच्यांत अंतर पडत गेलें. संकराची पहिली पिढी उत्तम येते, बीहि धरते. दुसऱ्या पिढींत मात्र खुरटीं व वांझ झाडें पुष्कळ निघतात. घर बांधलें जातें, पण नातवंडांच्या अंगावर कोसळतें. होळकरांच्या इंदूरांतील शेतकी संस्थेंत १९३० नंतरच्या दशकांत हचिन्सन यांनीं कापसाच्या या नातेसंबंधांचा अभ्यास केला, आणि १९४७ त दोन सहकाऱ्यांसह त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

१९७२ त धारवाडच्या संशोधकांनीं अमेरिकन व ईजिप्शियन या ५२ गुणसूत्रांच्या दोन जातींपासून ‘वरलक्ष्मी’ हा संकरित कापूस काढला, त्याचीहि गत तीच. पहिली पिढी डोळे दिपविणारी, आणि तिची सरकी पुन्हां पेरण्यास निरुपयोगी. घरच्या कणगींतील बी पेरणारा शेतकरी तेव्हांपासून दरसाल पैसे मोजून पिशवी आणूं लागला. या बदलाचा हिशेब आमच्या तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या घरोघरीं ठाऊक आहे.

१९४७ त भारतांतील कापसाखालच्या जमिनीपैकीं सुमारें ९७ टक्के जमिनींत देशी कापूस होता. २००२ नंतर बोंडअळीस विषारी ठरणारें बीटी बियाणें अमेरिकन संकरांतून आलें, आणि आज जवळजवळ सारें क्षेत्र त्या जातीचें आहे. गुणसूत्रांच्या भिंतीनें गावराणीचें रक्त निर्भेळ राखलें; पेरणाराच उरला नाहीं तर तिचा काय उपयोग? कमी पाण्यावर तगण्याचा आणि रस शोषणाऱ्या किडींस दाद न देण्याचा त्याचा गुण अमेरिकन कापसांत सहजासहजीं उतरत नाहीं, कारण वाट तीच भिंत अडविते. मोठ्या कष्टानें ती ओलांडून गुजराथेंत ‘देविराज’सारखें वाण निघाले. परभणीच्या कृषि विद्यापीठानें देशी कापसाचाच धागा लांब केला, आणि पीए २५५ सारखे वाण काढले. जुन्या वाणांची सरकी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेंत १९७६ पासून जतन केली जाते. सरकी किती वर्षें उगवणशक्ति धरील याला मर्यादा असल्यामुळें ती मधूनमधून जमिनींत पेरून ताजी करून घ्यावी लागते.