गगनबावड्याची माती आणि प्रकाशाची साक्ष



कोल्हापुराहून पश्चिमेस सुमारें ५५ किलोमीटर गेलें म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावडा लागतो. येथून करूळ व भुईबावडा हे दोन घाट कोंकणांत उतरतात. कोल्हापूर शहरांत वर्षास सुमारें १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. गगनबावड्यास तो ५,००० मिलिमीटरच्याही वर जातो. एवढें पाणी उतारावरून धांवूं लागलें म्हणजे मातीचें काय होतें, हें येथील कुणब्यास पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. परंतु माती कोठून गेली व किती गेली, हें निश्चयानें कसें ओळखावें? या प्रश्नाचाच इतिहास आज सांगावयाचा आहे.

बावडा ही पंत अमात्यांची जहागीर. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रां’त आंबा-फणसासारखीं झाडें धन्याच्या राजीखुषीवांचून तोडूं नयेत अशी ताकीद आहे. हेतु रयतेच्या हिताचा व आरमाराच्या लांकडाचा होता. पण झाड राहिलें कीं त्याखालची मातीही राहते.

धुपेचें मोजमाप पुढें सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रांत १९३३ नंतरच्या वर्षांत झालें. जमिनीचे लहान तुकडे आंखून त्यांवरून वाहून आलेलें पाणी व माती मोजीत. ही रीत खात्रीची. परंतु एका तुकड्यावरून सारा डोंगर कळत नाहीं.

डोंगर एका नजरेंत घेण्याचें साधन प्रकाशानें दिलें. १८०० सालीं विल्यम हर्शेल यांनीं वर्णपटांतील तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे तापमापक ठेवला, तेव्हां डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण उघडकीस आले. हिरवें पान हे किरण भरपूर परतवितें. मातीचें वर्तन निराळें. बॉवर्स व हँक्स यांनीं १९६५ सालीं दाखविलें कीं, ओलावा, कुजलेला सेंद्रिय अंश व कणांचा आकार यांवर मातीचें परावर्तन अवलंबून असतें. सकस वरचा थर काळसर. तो प्रकाश गिळतो. तो वाहून गेला म्हणजे खालची तांबडी, लोहयुक्त माती उघडी पडते. ती निळा प्रकाश शोषते, तांबडा परतविते, आणि ०.९ मायक्रोमीटरच्या आसपास तिच्या परावर्तनाच्या रेषेंत एक खळगा दिसतो. हीच धुपेची खूण.

भारतांत या विद्येचा पाया पी. आर. पिशारोटी यांनीं घातला. पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामान संस्थेचे ते पहिले संचालक. १९७० च्या सुमारास त्यांनीं केरळांत हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रें घेऊन माडांचा रोग हुडकला. १९७२ सालीं अमेरिकेचा लँडसॅट, आणि १७ मार्च १९८८ रोजीं आपला आयआरएस-१ए उपग्रह आकाशांत गेला. त्याच्या एका कॅमेऱ्यास ७२.५ मीटर लांबीरुंदीचा तुकडा हा एक ठिपका दिसे. २०१५ पासूनच्या युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहांस तो १० मीटरांचा दिसतो.

आतां गगनबावड्याची अडचण पाहा. माती वाहते ती आषाढ-श्रावणांत, आणि नेमके तेव्हांच ढग डोंगर झांकून टाकतात. उपग्रहाचा डोळा त्या काळांत आंधळा असतो. ढग सरल्यावर रान हिरवेंगार असतें, म्हणून पिकें निघेपर्यंत व गवत वाळेपर्यंत थांबावें लागतें. शिवाय जांभ्याचे सडे मूळचेच उघडे. यंत्रास सडा व धुपलेलें शेत दोन्ही तांबडींच दिसतात. त्यांतील भेद मागील वर्षांचीं चित्रें शेजारीं ठेवून आणि प्रत्यक्ष बांधावर जाऊनच ठरतो.

तेव्हां वर्णपटाची साक्ष संशयाची जागा दाखविते. निवाडा जमिनीवरच करावा लागतो. बांध कधीं फुटला, नाचणीचें शेत कोणत्या वर्षापासून उतरलें, हें तेथील शेतकऱ्यास ठाऊक असतें. त्याची जबानी व उपग्रहाचें चित्र एकत्र आणलें, तरच बांध कोठें घालावा व झाडें कोठें लावावीं हें ठरेल. बोटभर माती घडावयास शतकें लागतात. ती कुंभीच्या पाण्याबरोबर पंचगंगेस मिळाली, कीं कोणताही उपग्रह तिला परत आणीत नाहीं.